बुके मागवताना फूल निवडू नये

मोबाइलवर बुके मागवायला घेतला की सर्वांत आधी समोर येते ते चित्र. वीस लाल गुलाब, सगळे एका मापाचे, सगळे सारखेच अर्धवट उमललेले. मधूनमधून जिप्सोफिलाचा पांढरा शिडकावा, भोवती गुलाबी कागद, खाली किंमत आणि ‘तीन तासांत घरपोच’ असे आश्वासन. हे चित्र फेब्रुवारीत तेच असते, मेच्या उन्हात तेच आणि आषाढातल्या झडीतही तेच. गुलाब मात्र बारा महिने तोच नसतो. कडक उन्हाळ्यात तो घाईने उमलतो आणि कळी लहान राहते. सलग पावसात हवेतल्या दमटपणाने पाकळ्यांवर बुरशीचे ठिपके धरतात. थंडीत तो सावकाश वाढतो, कळी भरते, रंग चढतो. तरीही आपण चित्रावर बोट ठेवतो, पैसे भरतो आणि ‘हेच पाठवा’ म्हणून मोकळे होतो. संध्याकाळी पोहोचलेल्या बुकेने दुसऱ्या दिवशी माना टाकल्या की दोष देतो फुलवाल्याला. माझे म्हणणे असे की हा दोष पुष्कळदा त्याआधीच, ऑर्डर देण्याच्या आपल्या पद्धतीत, शिरलेला असतो. गावातल्या गावात ताजी फुले पोहोचवायची असतील तर दुकान, दिवस, वेळ, रंग आणि पैसे आपण ठरवावेत. फूल कोणते, हे त्या दिवशीच्या बाजाराने आणि फुलवाल्याने ठरवावे.

हे उलटे वाटेल, म्हणून आधी फुलाकडेच पाहू. खुडलेले फूल मेलेले नसते. काडी झाडावरून सुटली तरी तिच्यातल्या पेशी श्वास घेत राहतात, पाकळ्यांतून पाणी उडत राहते, कळी आपले उमलण्याचे काम पुढे चालवते. थांबते ते मुळांकडून येणारे पाणी आणि झाडाच्या पानांकडून येणारी साखर. म्हणजे फूल आता शिलकीवर जगत असते, आणि ती शिल्लक किती वेगाने संपेल हे मुख्यतः तापमान ठरवते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. हा हिशेब दोन-तीनदा लावून पाहिला तर शीतगृहातल्या २ अंशांवर गुलाब दिवसभरात जेवढी शिल्लक खर्च करतो, तेवढी ३० अंशांच्या फुटपाथवर दोन-तीन तासांत उडते, असे दिसते. दुकानाबाहेर बादलीत मांडलेले फूल टवटवीत दिसत असते, पण आतून ते वेगाने म्हातारे होत असते, आणि हे म्हातारपण ग्राहकाच्या नजरेला एक-दोन दिवस उशिराच दिसते. त्यामुळेच फुलांच्या बाबतीत ‘घेताना तर चांगली होती’ ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते.

पाण्याची गोष्ट वेगळी. काडीत केसासारख्या बारीक नळ्या असतात आणि पाणी त्यांतून वर ओढले जाते. काडी कापून कोरडी ठेवली की कापल्या जागी हवा शिरते आणि पाण्याची धार तुटते. बादलीतले पाणी शिळे असेल, पाने त्यात बुडून कुजत असतील, तर जिवाणू वाढतात आणि नळ्यांची तोंडे बुजवतात. गुलाबाची मान फुलाखालून मोडल्यासारखी वाकते ती बहुधा याच कारणाने. पुष्कळ जण त्याला शिळे फूल म्हणतात. प्रत्यक्षात ते तहानलेले असते, आणि वेळीच काडी पुन्हा कापून खोल पाण्यात ठेवली तर कित्येकदा सावरते. जरबेराचे याच्या उलट आहे. त्याची काडी मऊ आणि लवयुक्त. खोल पाण्यात ती कुजते, म्हणून त्याला पाणी उथळच लागते. ऑर्किडला गुलाबाची थंडी सोसत नाही. १० अंशांच्या खाली फार वेळ राहिले तर त्याच्या पाकळ्या काळवंडतात. एकाच फ्रिजमध्ये एकाच तापमानाला सगळी फुले ठेवणारे दुकान कुणावर तरी अन्याय करतच असते.

तिसरा शत्रू दिसतही नाही. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. १९०१ मध्ये रशियन शास्त्रज्ञ नेल्युबोव यांनी दिव्याच्या वायूत असलेले इथिलीनच रोपांची वाढ बिघडवते हे दाखवले. पुढे १९०८ मध्ये शिकागोच्या क्रॉकर आणि नाइट या संशोधकांनी कार्नेशन फुले इथिलीनच्या अत्यल्प अंशानेही मिटतात, जणू झोपी जातात, हे सिद्ध केले. फूल-व्यापाऱ्यांचे नुकसान हेच त्या संशोधनामागचे कारण होते. आपल्याकडे याला घरगुती संदर्भ आहे. मे महिन्यात घरात आंब्याची पेटी उघडलेली असते, केळ्यांचा घड टेबलावर असतो, आणि त्याच टेबलावर कुणी तरी पाठवलेला कार्नेशनचा किंवा ऑर्किडचा बुके ठेवला जातो. दोन दिवसांत कार्नेशनच्या पाकळ्या आत वळतात आणि दोष दुकानाच्या नावावर जातो. शेवंती आणि जरबेरा यांना इथिलीनची बाधा फारशी होत नाही. उन्हाळ्यात आंब्याच्या घरी काय पाठवावे, याचा निर्णय असा वनस्पतिशास्त्रातून निघतो. चित्रातून निघत नाही.

आता हे फूल आपल्यापर्यंत कसे येते ते पाहू. मुंबई-पुण्याच्या बुकेतला ‘डच गुलाब’ हॉलंडहून येत नाही. तो मोठ्या प्रमाणात मावळातून, तळेगाव दाभाडे आणि पवना धरणाच्या परिसरातल्या पॉलिहाउसमधून येतो. तळेगावला औद्योगिक विकास महामंडळाचे पुष्प उद्यान आहे आणि काढणीनंतरच्या तंत्राचे प्रशिक्षण देणारी संस्थाही. सौम्य हवा आणि दोन मोठी शहरे जवळ, या दोन गोष्टींनी तिथे हा व्यवसाय रुजला. तिथली शिस्त पाहण्यासारखी आहे. कळी अजून घट्ट असतानाच फूल तोडतात, लगेच पाण्याच्या बादलीत ठेवतात, शीतगृहात नेतात, काडीच्या लांबीप्रमाणे ४०, ५०, ६० सेंटीमीटर अशी प्रतवारी करतात आणि वीस-वीस फुलांची गड्डी करून कळ्यांभोवती नालीदार कागद गुंडाळतात. व्हॅलेंटाइन डेसाठीची तयारी डिसेंबरच्या मध्यापासून, झाडांच्या फांद्या छाटून आणि वाकवून सुरू होते, कारण फुटव्यापासून फुलापर्यंत दीड महिन्याच्या आसपास काळ लागतो. परदेशी जाणारा माल फेब्रुवारीचा पहिला आठवडा संपेपर्यंत निघून जातो आणि त्यानंतर ओघ देशातल्या बाजारांकडे वळतो.

शेतकऱ्याने इतक्या काटेकोरपणे सांभाळलेली थंडी बाजारात मात्र तुटते. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात किंवा दादरच्या फूलबाजारात पहाटे माल उतरतो तेव्हा तो उघड्यावर, माणसांच्या गर्दीत, दिव्यांच्या उजेडात विकला जातो. तिथून तो टेम्पोने, रिक्षाने, लोकलच्या डब्यातून दुकानांत पोहोचतो. इथून पुढे फुलाचे आयुष्य तासांत मोजावे लागते. आणि म्हणूनच ‘स्थानिक’ या शब्दाला इथे खरा अर्थ आहे. सकाळी बाजारातून आलेली काडी दुकानात स्वच्छ पाण्यात दोन तास विसावली, तिथेच बुके बांधला गेला आणि चार किलोमीटरवरच्या घरी गेला, तर तुटलेली साखळी बरीचशी सांधली जाते. तोच बुके पेटीत घालून रात्रभर कुरिअरने दुसऱ्या शहरात पाठवला तर, शेतात घेतलेले कष्ट वाटेतच संपतात.

पण ज्याच्याकडे आपण ऑर्डर देतो तो बुके बांधणारा असतोच असे नाही, आणि इथे मूळ मुद्दा येतो. दुसऱ्या गावी फुले पोहोचवण्यासाठी फुलेच पाठवायची गरज नाही, निरोप पाठवला तरी पुरे, ही कल्पना जुनी आहे. १९१० मध्ये अमेरिकेतल्या फूलविक्रेत्यांनी तारेने एकमेकांच्या ऑर्डरी पुऱ्या करणारी संघटना उभी केली. बोस्टनच्या ग्राहकाने बोस्टनच्या दुकानात पैसे भरायचे, तार शिकागोला जायची, फुले शिकागोचा दुकानदार द्यायचा. कल्पना सुंदर होती. फूल प्रवासच करत नव्हते. पण या व्यवस्थेला एक अडचण पहिल्यापासून चिकटलेली होती. बोस्टनच्या ग्राहकाला काय दाखवायचे? शिकागोच्या दुकानात आज काय ताजे आहे हे त्याला दिसत नव्हते. म्हणून ठराविक रचनांची चित्रे, ठराविक नावे, ठराविक किमती आल्या. आजच्या संकेतस्थळांनी आणि ॲपांनी तार काढून टाकली, चित्र तेवढे अधिक झळझळीत केले. त्यांतल्या काहींची स्वतःची दुकाने असतात, पण पुष्कळशी ऑर्डर घेऊन ती स्थानिक फुलवाल्याकडे सोपवतात आणि मधला वाटा ठेवतात. समजा, ग्राहकाने १००० रुपये भरले आणि त्यातला काही भाग जाहिरात, मध्यस्थी आणि पोहोच यांत गेला. फुलवाल्याच्या हाती ६००-७०० उरले, तर चित्रातला १००० रुपयांचा बुके त्याने ६००-७०० मध्ये उभा करायचा. तो काय करील? गड्डीतली लहान काडी घेईल, भरणीचा पाला वाढवील, कागदाचा एक थर जास्त गुंडाळील आणि कालच्या बादलीतले गुलाब आधी संपवील. यात लबाडीपेक्षा गणिताचा भाग मोठा आहे.

किंमत बाजूला ठेवली तरी चित्र आपले नुकसान करतेच. चित्रात तीस प्रकारचे बुके असतील तर त्या तीसही प्रकारांची फुले दुकानदाराला रोज हाताशी ठेवावी लागतात: लाल, पिवळा, पांढरा, गुलाबी गुलाब, कार्नेशन, लिलियम, थायलंडहून आलेले जांभळे ऑर्किड. कोणत्या दिवशी कुठल्या चित्रावर बोट पडेल हे त्याला ठाऊक नसते. म्हणून साठा करावा लागतो, आणि साठा म्हणजेच शिळेपणा. आज न खपलेला पिवळा गुलाब उद्या तुमच्या ‘पिवळ्या गुलाबांच्या’ ऑर्डरीची वाट पाहतो. याउलट ग्राहक ‘पांढऱ्या-पिवळ्या रंगात, ८०० रुपयांपर्यंत, आज जे उत्तम असेल ते’ असे म्हणतो तेव्हा दुकानदार पहाटे बाजारात जे चांगले आणि स्वस्त मिळाले तेच बांधतो. त्याचा माल फिरता राहतो, फेकायची वेळ कमी येते, आणि त्याच पैशांत काड्याही जास्त येतात. निवडीचे स्वातंत्र्य सोडल्याने ग्राहकाचा फायदा होतो अशा वस्तू फार नाहीत. ताजी मासळी एक, ताजी फुले दुसरी. कोळिणीकडे ‘आज काय चांगले आहे?’ असे विचारणारे आपण फुलांच्या बाबतीतच चित्राला का चिकटून बसतो, हे कळत नाही.

खरे तर महाराष्ट्राला फुले घरपोच देण्याची पद्धत कुणी नव्याने शिकवावी लागत नाही. पुण्यासारख्या शहरांत देवपूजेची फुलपुडी पिढ्यान् पिढ्या दारात येते आहे. पहाटे पानात गुंडाळलेली, दोऱ्याने बांधलेली पुडी कडीला अडकवून फुलवाला पुढच्या जिन्याकडे वळतो; पैसे महिन्याचे महिन्याला. पुडीत कोणते फूल असेल हे घरचे लोक ठरवत नाहीत. कधी तगर आणि जास्वंद, कधी शेवंतीची दोन आणि झेंडूचे एक, वर दूर्वा किंवा तुळस. कुणी ‘आज अष्टरच का घातले?’ म्हणून भांडत नाही. अट एकच, फूल आजचे हवे आणि पूजेच्या वेळेआधी हवे. वेळ आणि ताजेपणा यांवर ठाम, फुलाबाबत लवचीक, पुरवठा करणारा जवळचा आणि रोजचा. दुपारच्या बुकेला हवी ती सगळी तत्त्वे या पहाटेच्या पुडीत आहेत. तिच्यात चित्र नाही आणि मधला माणूस नाही. काय हवे ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही पक्के ठाऊक असते.

फुलपुडीसारखे मागवायचे म्हटले तर आपल्या मातीतली फुलेही बुकेत येतात, आणि ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. निशिगंधाची, म्हणजे बाजाराच्या भाषेत गुलछडीची, दुहेरी पाकळ्यांची काडी बुकेसाठीच लावतात. शेवंती काडी, ॲस्टरची जुडी, ग्लॅडिओलस ही सगळी महाराष्ट्राच्या शेतांत होणारी फुले, बहुतेक उघड्या रानात, पॉलिहाउसच्या खर्चाशिवाय. गुलाब-कार्नेशनच्या चित्रांमुळे ती बुकेतून जवळपास हद्दपार होतात आणि हारांत, तोरणांत, मंडपात उरतात. त्या बाजाराचे चढउतार भयंकर असतात. गणपती आणि दसरा-दिवाळीला भाव चढतात. मधल्या पितृपंधरवड्यात मागणी बसते आणि शेतात फुललेल्या मालातून तोडणीची मजुरीही सुटत नाही. फूल थांबत नाही. सण नसला तरी ते उमलतेच. वाढदिवस, निवृत्ती, बाळंतपण, परीक्षेतले यश यांना पंचांगाचे बंधन नसते. शहरातल्या बुकेंपैकी थोडे जरी या मधल्या दिवसांत शेवंतीकडे आणि निशिगंधाकडे वळले, तर त्याचा लाभ थेट रानापर्यंत जाईल.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. चित्र नसेल तर फसवणूक सोपी. ‘जे चांगले असेल ते’ म्हटल्यावर दुकानदार खपत नसलेलेच गळ्यात मारील. भीती खोटी नाही. पण चित्राने फसवणूक थांबत नाही, ती फक्त नोंदली जाते, आणि ‘चित्रातल्याप्रमाणेच मिळेल असे नाही’ ही ओळ बारीक अक्षरांत लिहून बहुतेकांनी तक्रारीची दारेही बंद केलेली असतात. खरे नियंत्रण दुसरीकडे आहे. आज सकाळी काय आले हे फोनवर विचारा. जो फुलवाला अडखळतो त्याने आज माल आणलेलाच नाही. काड्यांची संख्या ठरवून घ्या. बुके बांधून झाला की निघण्याआधी त्याचा फोटो मागवा. हल्ली जवळपास प्रत्येक दुकान तो आनंदाने पाठवते. आधी काढलेल्या चित्रापेक्षा नंतर काढलेला फोटो कितीतरी प्रामाणिक असतो. गुलाबाची बाहेरची पाकळी जरा हिरवट-जाड दिसली तर घाबरू नये, ती कळीची संरक्षक पाकळी असते. पण सगळ्याच फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या सोललेल्या दिसल्या तर शंका जरूर घ्यावी.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. डोंबिवलीत किंवा कोथरूडमध्ये आईवडील आहेत आणि मुलगी न्यू जर्सीत. तिला तिथला फुलवाला कुठून माहीत असणार? मोठे संकेतस्थळ तिच्यासाठी सोय आहे, तिचे पैसे ते तिच्या चलनात घेते, रात्री दोनला ऑर्डर स्वीकारते. हे मान्य करावेच लागेल. ज्याला शहर ओळखीचे नाही, ज्याला एकदाच पाठवायचे आहे, त्याच्यासाठी मध्यस्थ उपयोगीच आहे. पण जी वर्षातून चार वेळा फुले पाठवते, तिने एकदा शेजारच्या काकूंना किंवा मावसभावाला विचारून घराजवळच्या फुलवाल्याचा नंबर मिळवला, तर पुढची सगळी वर्षे काम सोपे होते. फुलवाला घर ओळखतो, कोणता जिना, दुपारी दोन ते चार बेल वाजवू नये, आजीला उग्र वासाचे लिलियम सोसत नाही, हे सगळे त्याला ठाऊक होते. हे ज्ञान कुठल्याही ॲपच्या रकान्यात मावत नाही. आणि मध्यस्थामार्फतच मागवायचे असेल तर आपले हक्क तरी माहीत असावेत. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्यांना जागा देणाऱ्या संकेतस्थळाने प्रत्यक्ष विक्रेत्याची माहिती ग्राहकाला उपलब्ध करून द्यायची असते, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि ती महिनाभरात सोडवायची असते. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीवर पोहोच, वेळ, पॅकिंग असे आकार एकेक करून वाढवत नेण्याच्या प्रकाराला २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरवले आहे. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. शिळ्या फुलांचा पुरावा दुसऱ्या दिवशी उरत नाही, म्हणून बुके हाती येताच घेणाऱ्याने एक फोटो काढून ठेवलेला बरा.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा: बुके हवाच कशाला? ‘बुके नको, बुक द्या’ असे आवाहन आपल्याकडे निमंत्रणपत्रिकांवर छापले जाते. सभासमारंभांत हातात दिला, फोटो निघाला आणि खुर्चीमागे पडून राहिला, अशा बुकेविषयी हे आवाहन पूर्णपणे योग्य आहे, आणि त्यातल्या प्लास्टिकच्या वेष्टनाचे समर्थन मी करणार नाही. फुलांच्या परडीतला तो हिरवा स्पंज १९५४ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, कुजत नाही, चुरला की त्याचे बारीक कण पाण्यात आणि मातीत जातात. स्पंजातली फुले स्वच्छ पाण्यातल्या फुलांइतकी सहसा टिकतही नाहीत. म्हणून ‘परडी नको, स्पंज नको, साध्या कागदात काड्या बांधून द्या’ असे स्पष्ट सांगावे. पण दूरच्या आजारी माणसाला, एकट्या राहणाऱ्या मावशीला, पहिला पगार झालेल्या भाचीला फुले पाठवणे आणि व्यासपीठावरचा बुके या एका जातीच्या गोष्टी नाहीत. पुस्तक वाचायला वेळ लागतो, मिठाईला पथ्य आड येते. फुले मात्र दार उघडताच आपले काम करतात आणि आठवड्याने जागा रिकामी करून जातात. ती नाशवंत आहेत म्हणूनच त्यांचा मान आहे. प्लास्टिकची फुले टिकतात, पण त्यांनी कुणाचा दिवस वेगळा होत नाही, आणि फूलउत्पादक त्यांच्यावर बंदी मागतात त्यात तथ्य आहे.

‘पण समोरच्याला गुलाबच अपेक्षित असतात’ असेही कुणी म्हणेल. असतात, आणि प्रेमाचा एकच दिवस आणि एकच रंग ठरला असेल तर गुलाबच पाठवावेत. १४ फेब्रुवारीला निदान ते पीक ऐन भरात असते. मात्र त्या दिवशी चढ्या भावाने मिळणारे फूल आदल्या तीन-चार दिवसांत साठवलेले असण्याची शक्यता मोठी, हेही जाणून पाठवावेत. दोन दिवस आधी किंवा नंतर पाठवले तर दुकानदाराला हात मोकळा मिळतो आणि निरोप तोच पोहोचतो.

प्रत्यक्ष मागवताना काय सांगायचे, ते आता फार उरत नाही. ऑर्डर देणाऱ्याच्या नव्हे, घेणाऱ्याच्या घराजवळचे दुकान पाहावे. आदल्या दिवशी सांगितले तर फुलवाला पहाटे तुमच्यासाठी बाजारात काही खास शोधू शकतो. ऐन वेळी सांगितले तर बादलीत उरलेले मिळते. प्रसंग कोणता ते सांगावे, कारण सांत्वनाला आणि बारशाला रंग वेगळे लागतात. घरी फुलदाणी आहे की नाही ते सांगावे; नसेल तर काड्या आखूड ठेवून पाण्याच्या साध्या बाटलीत मावतील असे बांधता येते. उन्हाळ्यात पोहोच सकाळी अकराच्या आत किंवा सूर्य उतरल्यावर ठेवावी. दुपारी दोनच्या उन्हात दुचाकीच्या मागच्या पेटीत अर्धा तास काढलेला बुके दोन दिवसांचे आयुष्य तिथेच खर्च करून येतो. रुग्णालयात पाठवायचे असेल तर आधी विचारावे, अतिदक्षता विभागांत बहुतेक ठिकाणी फुले नेऊ देत नाहीत. घेणाऱ्याचा फोन नंबर द्यावा आणि त्याला निदान वेळेची कल्पना द्यावी. बुके येणार हे गुपित ठेवण्याच्या हौसेपायी वॉचमनच्या टेबलावर तीन तास उन्हात पडलेली फुले नंतर कुणाच्याच कामाची राहत नाहीत.

आणि घेणाऱ्यालाही थोडे काम करावे लागते, ते चिठ्ठीवर लिहून पाठवायला हरकत नाही. कागद लगेच सोडायचा. काड्या खालून दोन सेंटीमीटर तिरक्या कापायच्या, धारदार सुरीने. बोथट कात्रीने नळ्या चिरडतात. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकायची, पाणी रोज बदलायचे, भांडे घासून. नुसती साखर घालू नये, फुलाआधी ती जिवाणू खातात. दुकानातून मिळणाऱ्या पुडीत साखरेबरोबर आम्ल आणि जंतुनाशकही असते म्हणून ती चालते. पंख्याचा थेट झोत नको, खिडकीतले ऊन नको, आंब्याची पेटी दुसऱ्या खोलीत. त्या बुकेत निशिगंध असेल तर खालची कोमेजलेली फुले रोज खुडत जायची, कारण काडी खालून वर उमलत जाते आणि कोमेजलेल्या फुलांवर तिची शक्ती फुकट जाते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुलाब उतरणीला लागलेले असतात, कागद केव्हाच केरात गेलेला असतो, आणि दिवेलागणीनंतर वरची एखादी कळी उघडून खोलीभर वास येतो.